गोदातीरावरून गंजगोलाईपर्यंत

आपल्याकडील गृहस्थ प्रवासास निघतो तो बहुधा देवदर्शनासाठी, नाही तर आप्तांच्या भेटीसाठी. गेल्या मार्गशीर्षात नांदेडहून लातूरपर्यंत जो लहानसा प्रवास मी केला, त्यात या दोन्ही गोष्टींचा योग होता. परंतु पिशवीत जी दोनचार पुस्तके होती, त्यांच्यामुळे या वाटेवर एक प्रश्नही माझ्याबरोबर चालू लागला. व्हिएन्नाचे वैद्य सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी मनोविश्लेषणाचे जे शास्त्र उभारले, त्याचा उपयोग ग्रंथांतील पात्रे व घरातील माणसे ओळखण्यास कितपत होतो, हाच तो प्रश्न.

नांदेड हे गोदावरीच्या काठचे पुरातन नगर. गुरू गोविंदसिंहांचे देहावसान १७०८ साली येथेच झाले, आणि त्यांच्या स्मृतीचे तख्त पाहण्यासाठी पंजाबातून आलेल्या यात्रेकरूंनी गावाचे रस्ते सदैव गजबजलेले असतात. आमच्यासारख्या शिक्षकी पेशातील मनुष्यास मात्र नांदेड म्हटले की आणखी एक नाव आठवते, ते नरहर कुरुंदकरांचे (१९३२–१९८२). प्रथम शाळामास्तर, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य, असा त्यांचा क्रम. रणजित देसायांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीस त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे, आणि महाभारतावरील त्यांचे लेख ‘व्यासांचे शिल्प’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध आहेत. पुराणपुरुषांकडे हात जोडून न पाहता, ही माणसे अशी का वागली असतील, असे विचारण्याची सवय ज्यांनी मराठी वाचकास लावली, त्यांत त्यांची गणना करावी लागेल.

सायंकाळी गोवर्धन घाटाच्या पायऱ्यांवर बसलो असता स्त्रीपर्वातील एक प्रसंग मनात घोळू लागला. युद्ध संपले आहे. शंभर पुत्र गमावलेला धृतराष्ट्र भीमास आलिंगन देण्यासाठी बाहू पसरतो. श्रीकृष्ण प्रसंगावधान राखून लोखंडाचा पुतळा पुढे करतो, व तो अंध वृद्ध त्याचा चुराडा करतो. इथवर कोणत्याही मानसशास्त्राची गरज नाही. राजाचा हेतू व्यासांनी झाकून ठेवलेला नाही. खरे कोडे पुढे आहे. पुतळा फुटताच तोच धृतराष्ट्र ‘हा भीम’ म्हणून शोक करतो! हे अश्रू लटके म्हणावेत काय?

फ्रॉइड यांनी १९२३ साली व्यक्तिमत्त्वाची जी त्रिविध रचना मांडली, ती येथे उपयोगी पडते. आपल्या मानसशास्त्रज्ञांनी तिला इदम्, अहम् व पराहम् अशी संस्कृत नावे दिली आहेत. इदम् म्हणजे तत्काळ तृप्ती मागणारी आंधळी वासना. पराहम् म्हणजे बालपणी ऐकलेला वडीलधाऱ्यांचा आवाज, जो पुढे आपल्याच अंतःकरणात बसून आपणांस दटावतो. अहम् हा या दोघांच्या ओढाताणीत सापडलेला आणि बाहेरच्या जगाशीही जुळवून घेणारा कारभारी. या दृष्टीने पाहता, चिरडणारे बाहूही धृतराष्ट्राचे व अश्रूही त्याचेच. एकाच उरात द्वेष व ममता शेजारी नांदतात. महाकाव्य आरंभापासून या राजाला पुत्रमोह व धर्मभय यांमध्ये हेलकावे खाताना दाखवते, म्हणूनच हा अर्थ टिकतो. तसा आधार नसता तर तो आपल्या पदरचा ठरला असता. ग्रंथातील पात्र वैद्यापुढे येऊन प्रश्नांस उत्तरे देत नाही. त्याच्या वतीने साक्ष देणारे एकच, ते म्हणजे ग्रंथातील शब्द. मर्ढेकरांनी १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’मध्ये मनातील विचारांचा अखंड प्रवाहच कादंबरीत आणला, त्यानंतर आपल्या टीकाकारांच्या हाती हे शास्त्र पुष्कळ आले, पण साक्ष न काढता निकाल देण्याचा मोहही त्याबरोबरच आला.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या रस्त्यास लागलो. लोहा मागे टाकल्यावर माळेगावी खंडोबाची यात्रा भरली होती. भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे, येळकोटाचा गजर, आणि पलीकडे घोडे, गाढवे व उंट यांचा अफाट बाजार. एक हौशी गिऱ्हाईक घोड्याची परीक्षा घेण्यासाठी वर चढले. लगाम उजवीकडे ओढलेला असूनही घोडा सरळ डावीकडच्या कडब्याकडे गेला. भोवतालची मंडळी हसू लागताच स्वार गंभीरपणे म्हणाला, “तिकडंच न्यायचं होतं मला!”

कठोपनिषदात शरीरास रथाची, बुद्धीस सारथ्याची, मनास लगामाची व इंद्रियांस घोड्यांची उपमा दिली आहे, ती सर्वांस ठाऊक आहेच. फ्रॉइड यांनीही अहम् आणि इदम् यांचे नाते सांगताना स्वार व घोडा यांचाच दाखला दिला आहे. फरक असा, की घोड्यास जेथे जायचे असते तेथेच स्वारास पुष्कळदा त्याला न्यावे लागते, असे ते म्हणतात. उपनिषद सारथी कसा असावा हे सांगते. व्हिएन्नाचा वैद्य तो बहुधा कसा असतो हे सांगतो. माळेगावच्या स्वाराने दोघांचेही भाष्य एका वाक्यात करून टाकले!

लातुरास पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गंजगोलाईच्या मध्यभागी देवीचे मंदिर, आणि त्या वर्तुळापासून चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. पूर्वी या पेठेची कीर्ती धान्याच्या व्यापारासाठी होती. आज परीक्षेच्या ‘लातूर पॅटर्न’साठी गावोगावची मुले येथे येऊन राहतात. मी ज्या आप्तांकडे उतरलो, त्यांच्या माडीवर असे दोन विद्यार्थी होते. दोघांचीही एकच तक्रार घरात चालली होती : सराव परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र हरवते, आणि मुलगा दारातूनच परत येतो. यजमानांनी दोघांनाही वेंधळे ठरवून टाकले होते.

पहिल्याच्या दप्तराचा कप्पा उसवलेला निघाला. वहिनींनी चार टाके घातले. त्याचे मनोविश्लेषण तेथेच समाप्त झाले.

दुसऱ्याचे दप्तर धड होते. नित्याच्या विस्मृतींमागेही कधी कधी मनाचा छुपा हेतू असतो, असे फ्रॉइड यांनी १९०१ च्या ग्रंथात प्रतिपादले आहे. परंतु ते त्या पोरास सांगण्यात काय अर्थ? मी त्यास एवढेच विचारले, “बाळ, दारातून परत येताना तुला कसे वाटते?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, खरं सांगू? हलकं वाटतं. पेपर दिलाच नाही, तर कमी मार्क पडले असं वडिलांना सांगावं लागत नाही.” वडिलांनी जमीन गहाण ठेवून त्यास येथे पाठविले होते. ते रात्री दूरध्वनीवरून एकच प्रश्न विचारीत : “अभ्यास झाला का?” तो प्रश्न आता मुलाच्या आतूनच अहोरात्र उमटत होता.

यजमानांनी वडिलांस बोलावून घेतले. ते आले, मुलाचे सर्व बोलणे त्यांनी ऐकून घेतले, आणि पुष्कळ वेळाने म्हणाले, “कमी पडले तर पडू देत, पण माझ्यापास्नं लपवू नकोस.” मीही त्यांस कुरुंदकरांची गोष्ट सांगितली : इंटरच्या परीक्षेत अपयश घेतलेला हाच मनुष्य पुढे प्राचार्य झाला. पुढील रविवारी मुलाने परीक्षा दिली. गुण बेताचेच मिळाले, आणि ते त्याने त्याच रात्री वडिलांस कळविले.

फ्रॉइड यांचे अनेक सिद्धान्त पुढील संशोधनात टिकले नाहीत. तथापि मनुष्य जे सांगतो त्यापलीकडे त्याचे काही सांगावयाचे राहून जाते, ही त्यांची दृष्टी घरोघरी उपयोगाची आहे. मात्र आपण काढलेला अर्थ खरा की खोटा, हे पात्राच्या बाबतीत ग्रंथाने ठरवावे व मुलाच्या बाबतीत मुलाने. तेव्हा ज्या घरात पोर वारंवार काही विसरत असेल, तेथील वडीलधाऱ्यांनी प्रथम त्याचे दप्तर तपासावे. ते धड असल्यास त्याच्याजवळ बसावे, आणि आपला नेहमीचा प्रश्न त्या रात्रीपुरता विचारू नये.