शासन आणि शिधा

संक्रांतीला पानिपतच्या काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी, महाराष्ट्रातून माणसं येतात, हरियाणातल्या गावांतून स्वतःला त्या लढाईतून मागे उरलेल्या मराठ्यांचे वंशज मानणारे रोड मराठा येतात. लोखंडी कठड्यातल्या विटांच्या स्तंभापाशी वाकतात, तिथली माती कपाळाला लावतात. यंदा तिथे एका महाराजांचं प्रवचन ऐकलं. विषय देवाचं शासन आणि देवाची क्षमा. महाराज म्हणाले, मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांनी दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं, त्याआधी नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगाल लुटला. घडा भरला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अब्दालीच्या हातून मराठ्यांचा पराभव करवून देवाने हिशेब चुकता केला. आता क्षमा मागा, तो दयाळू आहे.

काही वर्षांपूर्वी मी मान डोलावली असती. देवाच्या काठीला आवाज नसतो, हे घरात ऐकतच मी वाढलो. पानिपतचा विचार करताना त्या समजुतीचा मोठा आधार वाटायचा. एवढी माणसं गेली ती उगीच गेली नाहीत, वर कोणीतरी न्याय केला.

गंगाराम या बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’ची कथा वाचली आणि माझं मन फिरायला लागलं. बर्गींच्या, म्हणजे बंगालवर चालून गेलेल्या मराठा घोडेस्वारांच्या, स्वाऱ्यांवरचं हे काव्य. बंगालमधल्या पापाने पृथ्वी गांजून जाते, म्हणून शंकर नंदीला शाहू महाराजांकडे धाडतो आणि मराठे शिक्षा द्यायला येतात. पुढे तेच मराठे बायकांवर, ब्राह्मणांवर हात टाकतात तेव्हा देवी कोपते आणि त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर मारले जातात. भास्करराम १७४४ मध्ये खरोखरच दगाफटक्याने मारले गेले. म्हणजे बंगालला शिक्षा मराठ्यांची आणि मराठ्यांना अब्दालीची. मग ज्याचं झोपडं जाळलं त्या शेतकऱ्याचं काय? त्याने असं काय केलं होतं? काठीला आवाज नसेल, पण ती पडते कोणाच्या पाठीवर, हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं.

काला अंबलाही तेच. मराठ्यांच्या छावणीत लढवय्यांपेक्षा इतर माणसं जास्त होती. कुरुक्षेत्र-काशीच्या ओढीने निघालेले यात्रेकरू, बायका-मुलं, भिस्ती, कारकून, बाजारबुणगे. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, रसद तुटली, जनावरं मेली, अन्नान्नदशा झाली. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी पकडलेल्यांच्या कत्तली झाल्या. चांदीच्या छताचा हिशेब यात्रेला निघालेल्या म्हातारीकडून वसूल करणारा देव मला आता मानवत नाही. आणि ‘देवाने केलं’ म्हटलं की या माणसांच्या शिध्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्नच मिटतो. तो मिटता कामा नये, असं मला कळकळीने वाटतं.

क्षमेचं मात्र मी सोडलेलं नाही. उलट तिच्यावरचा विश्वास वाढला. भरतपूरच्या सूरजमल जाटाकडे मराठ्यांवर रागवायला कारणं होती. १७५४ मध्ये मराठ्यांनी त्याच्या कुंभेरला वेढा घातला होता. बायका-मुलं आणि जड सामान मागे ठेवा, हा त्याचा सल्ला भाऊंनी मानला नाही आणि तो दिल्लीहूनच परत फिरला. तरी लढाईनंतर थंडीत कुडकुडत, जखमा घेऊन, लुटली गेलेली माणसं त्याच्या मुलखात पोचली तेव्हा त्याने आणि राणी किशोरीने त्यांना अन्न दिलं, पांघरुणं दिली, जखमींवर उपचार केले. अब्दालीचा रोष ओढवेल हे कळत असून. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर तिथेच, डीगला वारला. आश्रयाला आलेल्या या माणसांकडून कोणी आधी पापाची कबुली मागितली नव्हती.

प्रवचन चालू असताना शेजारी एक रोड मराठा आजी बसल्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं. त्या डब्यातली तिळाची गजक मोडून आजूबाजूच्यांच्या हातावर ठेवत होत्या. मीही घेतली.

प्रवचन संपल्यावर महाराजांना नमस्कार केला आणि विचारलं, पुढच्या वेळी डीगला याल का, तिथे क्षमेवर बोला. ते म्हणाले, बघू. मी तारीख ठरवून त्यांना पत्र पाठवणार आहे.