मागितलेली लोकशाही आणि पाठवलेली लोकशाही

कुठल्यातरी मुस्लिम देशावर बॉम्ब पडू लागले की टीव्हीवर कोणीतरी सांगतोच, हे सारे तिथल्या लोकांना लोकशाही मिळावी म्हणून चालले आहे. आमच्या घरात त्यावर दोन तट पडतात. माझे सासरे "सगळं तेलासाठी" म्हणून उठून जातात. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा विचारतो, "अम्मी, हेतू काही का असेना, हुकूमशहा गेला तर वाईट काय झालं?" सासऱ्यांचे उत्तर सोपे आहे. मुलाचा प्रश्न तितका सोपा नाही, आणि देऊळगाव राजाच्या माणसाला तो फार दूरचाही नाही.

आमचे गाव जुन्या वऱ्हाडाच्या काठावरचे. इथून जवळच जालना. पण 1948 पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. माझी नानी त्या बाजूची. निजामाच्या राज्यात राज्यकर्ता निवडण्याचा हक्क रयतेला नव्हता, रझाकारांची दहशत होती, हे तिने कधी नाकारले नाही. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुदरले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली. मृतांचा त्यांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटातच राहिला. नानीच्या माहेरची माणसे त्या दिवसांत रातोरात इकडे, देऊळगावच्या नातलगांकडे आली होती. काही महिन्यांनी परत गेली.

तरीही 1952 साली नानीने मत दिले, हैदराबादच्या विधानसभेसाठी. गंमत म्हणजे त्याच निवडणुकीत आमचे देऊळगाव मध्य प्रदेशच्या विधानसभेसाठी मत देत होते, कारण बुलढाणा जिल्हा तेव्हा त्या राज्यात होता.

"म्हणजे सैन्यानेच लोकशाही आणली की!" मुलगा म्हणाला.

सैन्याने निजामाची राजवट संपवली, इतकेच. लोकशाहीची मागणी आधीपासून घरातलीच होती. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी 1938 पासून सत्याग्रह करून तुरुंगात जात होते. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू वर्तमानपत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाह खान रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहीत होते. सैन्य येण्याआधी, ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची हत्या झाली. आपल्या घरांत हे नाव क्वचितच निघते. आणखी एक गोष्ट. ज्या देशाचे सैन्य आले, त्याच देशाच्या संसदेत नानीच्या मताची किंमत इतर कोणाच्याही मताइतकीच ठरली. बगदादच्या माणसाला वॉशिंग्टनमध्ये मत नव्हते.

इराकमध्ये 2003 च्या मे महिन्यात अमेरिकी प्रशासकाने दोन फर्माने काढली. एकाने बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढले, दुसऱ्याने सैन्यच बरखास्त केले. लाखो सैनिक एका फटक्यात घरी बसले. 2005 च्या जानेवारीत मतदान झाले, शाई लावलेली बोटे जगाने पाहिली, पण शाळा, पोलीस, न्यायालय चालवणारे हात आधीच मोडून टाकलेले होते. मुलगा जपानचे उदाहरण देतो. पण जपानमध्ये 1890 पासून संसद होती आणि 1925 मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता. तिथे कोऱ्या पाटीवर काही लिहायचे नव्हते.

आणि लोकांनी खरोखर मत दिले, पण निकाल आवडला नाही, तर? 2006 मध्ये पॅलेस्टिनी निवडणूक हमासने जिंकली. निरीक्षकांनी मतदान स्वच्छ झाल्याचे सांगितले, तरी अमेरिका आणि युरोपने तिथल्या सरकारची मदत थांबवली. इराणमध्ये 1953 साली मुसद्दिक यांचे सरकार अमेरिका-ब्रिटनने मिळून पाडले होते, तेव्हा तर लोकशाहीचे नावही कोणी घेतले नाही.

कुरआनात एका सूरहचे नावच 'अश्-शूरा' आहे. आपसांत मसलत करून कामे ठरवणाऱ्यांची त्यात तारीफ आहे. मला त्यातला 'आपसांत' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. शेजारी येऊन आपल्या घरातली मसलत घडवून आणू शकत नाही. फार तर बसायला सतरंजी देऊ शकतो.

आपल्या देशाने काबूलला अशी सतरंजी दिली होती. अफगाण संसदेची नवी इमारत भारताने बांधून दिली, 25 डिसेंबर 2015 ला पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. (त्याच आपल्या महाराष्ट्रात पुढे 2022 नंतर बहुतेक नगरपरिषदा तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हाती होत्या, हेही इथेच सांगून टाकते.) 15 ऑगस्ट 2021 ला तालिबान काबूलमध्ये शिरले. इमारत शाबूत, आत निवडून आलेले कोणी नाही. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद.

मग गप्प बसायचे का, असे मुलगा विचारतो. मला दोन मुली आहेत. गप्प बसा असे मी कशी म्हणेन? पण पुण्यात शेकडो अफगाण मुले-मुली शिकत होती, त्यांतली बरीच सुट्टीत किंवा कोरोनामुळे घरी गेलेली होती. ऑगस्ट 2021 मध्येच, देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सारे व्हिसा भारताने रद्द केले. संसद टिकवणे आपल्या हातात नव्हते. या मुलींना परत वर्गात बसवणे होते.