साताऱ्याची प्रिया आणि ‘मूळ रूपा’चा प्रश्न

या धाग्यात आजवर ताम्रपट आले, वाडे आले, बखरी आल्या. आजचे साधन त्यांच्याइतके जुने नाही, पण त्याने उभा केलेला प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भेटतो. एखादी वस्तू मूळ रूपात आणायची, तर तिचे मूळ कोणते मानायचे? साधन आहे सांगलीतील आमच्या घरची १९८३ सालची प्रिया स्कूटर.

प्रिया ही साताऱ्याची. ‘महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड’ ही कंपनी १९७५ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. तिचे २७ टक्के भाग पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाकडे, म्हणजे शासनाकडे होते. २४ टक्के बजाज ऑटोकडे. या पट्ट्याला लोखंडाची ओळख नवी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली होती, आणि धनजीशहा कूपर यांचा कारखाना साताऱ्यात त्याआधी अर्धशतकापासून चालू होता.

प्रियाचा आराखडा मात्र आला होता इटलीहून. दुसरे महायुद्ध संपल्यावर विमाने बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीपुढे नवे काम शोधण्याची वेळ आली. कोरादिनो दास्कानियो या विमानाच्या अभियंत्याने व्हेस्पा रचली. तिचे पेटंट एप्रिल १९४६ मधले. वेगळी चौकट नाही, दाबून घडवलेला पत्रा हाच सांगाडा. पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले, विमानाच्या चाकासारखे. हीच रचना परवान्याखाली १९६०-६१ च्या सुमारास आकुर्डीत बनू लागली. करार १९७१ मध्ये संपला, तरी साचे आणि हातांची सवय इथेच राहिली.

त्या काळात स्कूटर विकत घेण्याआधी तिची वाट पाहावी लागे. किती गाड्या बनवायच्या हे परवाना ठरवी, आणि वाटपावर १९६० च्या नियंत्रण आदेशाची नजर असे. आमच्या आजोबांनी १९७८ मध्ये नाव नोंदवले. हळदीच्या अडतीवर ते दिवाणजी होते. गाडी हाती आली पाच वर्षांनी. नोंदणीची पावती, वाटपाचे पत्र आणि आरसी बुक त्यांनी एकाच फायलीत, पंचांगाशेजारी जपून ठेवले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही माडीवर गेलो, गाडी खालीच राहिली. पूर ओसरल्यावर सायलेन्सरमधून आणि कार्ब्युरेटरमधून गाळ निघाला. आजोबा तेव्हा हयात नव्हते. बाबांचे मत होते की भंगारात द्यावी. मी गाडी नीट करून दाखवीन, असे सांगून त्यांच्याकडून मुदत मागून घेतली. काम धरेपर्यंत पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेतला होता. त्यामुळे पाना आणि पाठचिकित्सा एकाच वर्षी हातात आली.

जुन्या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा करण्याचा छंद अमेरिकेत फार पुढे गेला आहे. १९६० च्या दशकातील मस्टँग किंवा कमारो जुळवताना इंजिनावरचे आकडे सांगाड्याशी जुळावे लागतातच. शिवाय तपासनिसाने खडूने केलेल्या खुणा आणि रंगकाम्याच्या घाईने उडालेले शिंतोडेही पुन्हा हुबेहूब काढले जातात. कारखान्याची चूकसुद्धा तिथे प्रमाण ठरते. आपल्याकडे याच्या उलट प्रकार दिसतो: प्रियाच्या अंगावर व्हेस्पाची अक्षरे बसवून ती इटालियन म्हणून खपवली जाते. हे बनावट सनद करण्यासारखेच आहे. प्रियाचे प्रमाण शोधायचे ते साताऱ्यात.

ते शोधण्याची रीत उत्खननाची आहे. आमची गाडी निळी होती. सीट आणि पेट्रोलची टाकी उतरवली, की आतल्या पत्र्यावर ऊन पोचलेले नसते आणि दुसऱ्या रंगाऱ्याचा हातही सहसा पोचलेला नसतो. तिथे फिकट हिरवा रंग सापडला. बाहेर पुढच्या पत्र्यावर पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलके घासले, तेव्हा थर एकेक उलगडले: निळा, त्याखाली साय रंग, मग हिरवा, मग राखाडी प्रायमर आणि शेवटी पत्रा. साय रंगाची पावती फायलीतच होती, १९९४ ची, आत्याच्या लग्नाआधीची. थर आणि कागद एकमेकांची साक्ष देत होते.

इंजिनाचे काम त्यामानाने वादाचे नव्हते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची बेअरिंगे आणि ऑइल सील धड असल्याशिवाय गाडी चालणारच नाही, म्हणून ती नवी घातली. मॅग्नेटोचे पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. डाव्या मुठीतल्या गिअरच्या तारा नव्या ओढल्या. झिजणारे भाग बदलण्यासाठीच असतात. त्याने गाडीची ओळख जात नाही.

अडले ते एका आकड्याशी. डाव्या बाजूला, पाय ठेवण्याच्या जागेजवळ, आजोबांनी लोखंडी हूक वेल्डिंग करून घेतला होता. हळदीच्या नमुन्याची पिशवी त्याला टांगली जाई. मिस्त्री म्हणाले, “कटरने दोन मिनिटांचं काम आहे. कंपनीत हे नव्हतं.” आणि ते खरेच होते. आजी ओट्यावरून ऐकत होती. ती म्हणाली, “हूक काढलास तर गाडी कंपनीची होईल गं, ह्यांची राहायची नाही.”

या वादात कायदाही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे. कंपनीच १९७५ ची असल्यामुळे साताऱ्याच्या गाड्यांनी पन्नाशी गाठण्याचा काळ आत्ता कुठे सुरू होतो आहे. आमची पाळी २०३३ ची. हूक ठेवला तर ‘मूळ रूप’ या शब्दांवर बोट ठेवले जाऊ शकते, हे बाबांचे म्हणणे रास्त होते.

मला वाट दाखवली ती भांडारकर संस्थेच्या महाभारताने. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून रीतीला लावले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. शेकडो हस्तलिखिते ताडून सर्वांत जुना मिळू शकणारा पाठ वर छापला, आणि वगळलेले पाठभेद खाली दिले. उत्तरकालीन भर संहितेतून काढली, पण ग्रंथातून हाकलली नाही. नंतरच्या पिढ्यांनी काय जोडले, हाही इतिहासच आहे, हे त्या पानाच्या मांडणीतच मान्य केलेले आहे.

त्याप्रमाणे ठरवले. बाहेरचा रंग साताऱ्याचा फिकट हिरवा. पुढच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा रंगवली नाही. तिथे चारही थर दिसतात. हूक ठेवला, आणि वेल्डिंगचा डाग घासून गुळगुळीत केला नाही, म्हणजे तो मागाहून जोडलेला आहे हे कुणालाही कळेल. काय बदलले, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, याची वही आता त्याच फायलीत आहे. २०३३ मध्ये अधिकाऱ्याने हूक नाकारला, तर व्हिंटेजचा क्रमांक मिळणार नाही. बाबांनी हे ऐकून घेतले आणि भंगारवाल्याचा विषय पुन्हा काढला नाही.

साताऱ्याची कंपनी आजही आहे, पण स्कूटर बनवत नाही. शासनाचा वाटा दीर्घ न्यायालयीन वादानंतर २०१९ मध्ये बजाज समूहाकडे गेला. त्या कारखान्याचा पुरावा आता आपल्या पडव्यांमध्ये आणि गोठ्यांमध्ये विखुरलेला आहे. तुमच्याकडे प्रिया असेल, तर रंगाऱ्याकडे नेण्याआधी टाकीखालचा रंग उजेडात टिपून घ्या, सांगाड्याचा आणि इंजिनाचा आकडा आरसी बुकाशी ताडा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की कोणती गोष्ट कुणी, कशासाठी लावली होती. पहिल्या दोन गोष्टी पुढच्या वर्षीही करता येतील. तिसरी या आठवड्यातच करा.