आप्त

मराठींत आप्त म्हणजे नातलग. न्यायशास्त्रांत मात्र जें जसें आहे तें तसें सांगणारा तो आप्त. पुण्यास एका कारखान्यांत नोकरभरतीचें काम पाहणारा माझा एक जुना विद्यार्थी परवां वाईस आला असतां म्हणाला, "गुरुजी, उमेदवारांचा आमच्यावर विश्वासच बसत नाहीं." तेव्हां हा अर्थभेद मीं त्यास सांगितला.

आपल्याच सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांव पाहा. पहिल्या महायुद्धांत (१९१४–१८) तेथील ४६ जवान धारातीर्थीं पडले. त्यांचें स्मारक गांवांत आहे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तेथील तरुण सैन्यांत जात आले आहेत. फौजेंतून परतलेला बाप वा चुलता तेथें दोन्ही अर्थांनीं आप्त ठरतो. त्यानें काय सोसलें हें घरानें पाहिलेलें असतें.

परक्यास हें नातें शब्दानेंच जोडावें लागतें. म्हणून पगार सांगतांना रात्रपाळीही सांगावी. आणि ज्यास घ्यावयाचें नाहीं, त्यास नकार लगेच कळवावा. उत्तराची वाट पाहणारा मुलगा हातची दुसरी नोकरी दवडतो, आणि त्याच्याबरोबर सारें घर ताटकळतें. जागा एकासच देतां येते. खरें उत्तर मात्र सर्वांस देतां येतें.