नणंदेची झडप

लहानपणच्या रुमॅटिक तापाने धाकट्या नणंदेची हृदयाची झडप खराब झालेली. वय 29. टिश्यू झडप डुकराची किंवा गायी-बैलांच्या हृदयावरणाची, हे ऐकून मी कानांवर हातच ठेवले. चातुर्मासात पालेभाजीही न खाणारे आम्ही! कार्बनची झडप बहुधा जन्मभर टिकते. पण रोज वॉरफरिन, सारख्या आयएनआर तपासण्या, शिवाय त्या गोळीचा पोटातल्या बाळाला धोका. आणि तिला मूल हवंय. टिश्यू झडप तरुणपणी 10-15 वर्षांत निकामी होते, मग पुन्हा ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनच्या वेळचं हेपारिनही डुकराच्या आतड्यापासूनच बनतं." म्हणजे सुटका कुठेच नाही! सासूबाई सामायिक आटोपून उठल्या. "तिलाच ठरवू दे गं." तिनं टिश्यू निवडली. प्रतिक्रमणात मी त्या मुक्या जिवाची अजून वेगळी क्षमा मागते.