उकडीचे प्रमाण

उकळत्या पाण्यात मीठ आणि थोडे तूप घालून तांदळाची पिठी वैरली, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणली आणि ती गरम असतानाच मळली, की जो मऊ गोळा होतो त्याला उकड म्हणतात. रत्नागिरी तालुक्यातील पावससारख्या गावात मुलगी स्वयंपाक कसा शिकते हे या गोळ्यावरून चांगले कळते. प्रारंभी तिच्या वाट्याला नारळ खवणे आणि गूळ चिरणे येते, पुढे मोदकाची पारी, म्हणजे सारणाभोवतीचे आवरण, हाती येते, आणि प्रत्यक्ष उकड काढणे फार उशिरा. प्रमाण विचारले तर ‘मावेल तेवढी पिठी’ या उत्तरावर तिची बोळवण होते.

हे उत्तर टाळाटाळीचे वाटते, पण ते तसे नाही. तांदूळ जुना होत जातो तसा तो अधिक पाणी पितो, आणि कोकणात भात दिवाळीच्या आसपास कापले जात असल्याने भाद्रपदातल्या चतुर्थीला घरात असतो तो गतवर्षीचाच तांदूळ, शिवाय तो धुऊन वाळवताना पावसाळी हवेत त्यात ओल किती राहिली हेही घरातल्या बाईलाच ठाऊक असते. ज्याला अंदाज म्हणतात तो वस्तुतः अशा माहितीचा साठा होय. पारीला कळ्या पाडताना चीर गेली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे, एवढे ज्ञान त्यावर पुरते.

तीच मुलगी लग्नानंतर मुंबईत गेली की दुकानातल्या तांदळाचे वय तिला कोणी सांगत नाही. मराठीत पाककृतींची पुस्तके नवी नव्हती, ‘सूपशास्त्र’ 1875चे. परंतु कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी-चमच्याचे माप हाती दिले, ते सासू-आईपासून दूर संसार थाटणाऱ्या पिढीला. बॉस्टनमध्ये फॅनी फार्मरने आपल्या पाककृतींच्या पुस्तकात 1896मध्येच सपाट भरलेल्या मापाचा आग्रह धरला होता. मात्र वाटी घरोघरी वेगळी असते, तेव्हा इथे खरा आधार गुणोत्तराचा, आणि तो पुरेसा ठरतो. पुस्तकामुळे हात बिघडतो ही तक्रार म्हणूनच अन्यायाची वाटते.

आता बाजारात मोदकाची तयार पिठी मिळते आणि जितकी पिठी तितके पाणी हे प्रमाण तिला बहुधा चालते. पावसहून डब्यातून घरची पिठी आली, की तीच बाई वाटीभर पाणी मोजते आणि तरी थोडे आधण बाजूला काढून ठेवते.