शिवनेरीचं पाणी

जुन्नरच्या कुठल्याही आळीतून मान वर केली की शिवनेरी दिसतो. एसटी स्टँडवर उतरणाऱ्याला दिसतो, बाजारात मिरच्यांचे वाटे मांडून बसलेल्या बाईला दिसतो, कुकडीकाठी कांदा काढणाऱ्यांनाही दिसतो. गावापासून हजारभर फूट उठलेला कातळ, माथा सपाट, उत्तरेकडे निमुळता होत गेलेला, आणि कड्याच्या अंगावर काळ्या चौकोनांची लांबलचक ओळ. ती लेणी. गाव गडाकडे रोज पाहतं. गडावर आलेली माणसं मात्र गावाकडे पाहायला फारशी थांबत नाहीत. त्यांचे पाय शिवाजीराजांच्या जन्मस्थानाच्या ओढीनं झपाझप पडत असतात, आणि ती ओढ खरीच आहे. तरी मला वाटतं, त्या खोलीत जन्म का झाला, तिथंच का झाला, हे समजायला आधी या डोंगराचं पाणी पाहावं लागतं.

जुन्नर हे घाटामुळं वसलेलं गाव. पश्चिमेला नाणेघाट उतरला की कोकण, पुढं कल्याण आणि सोपारा ही बंदरं. सातवाहनांच्या काळात देशावरचा माल याच घाटानं खाली जाई आणि समुद्रापलीकडचा माल याच घाटानं वर येई. नाणेघाटाच्या गुहेत नागनिका राणीचा लेख आजही भिंतीवर आहे. व्यापाऱ्यांबरोबर भिक्षू आले, आणि व्यापाऱ्यांच्याच पैशानं जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणी खोदली गेली: लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी मिळून दोनशेहून अधिक. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे सापडायची नाहीत. या लेण्यांतले दानलेख वाचताना मी एका नावापाशी दर वेळी थबकतो. इरिल नावाच्या एका यवनानं इथं दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान केल्याचं कोरलेलं आहे. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. कुठल्या समुद्राकाठचं त्यांचं कूळ, कुठल्या भाषेत ते आईला हाक मारत असतील! या कातळात आपल्या नावानं काय ठेवावं, असा विचार इरिलच्या मनात आला तेव्हा त्याला पाणी सुचलं. जुन्नरच्या डोंगरांत वैशाख काढलेल्या माणसालाच हे सुचावं.

चैत्र सरता सरता गडावर जावं, म्हणजे हे अंगावर येतं. सकाळी नऊलाच पायऱ्यांचे दगड तापायला लागतात. महादरवाज्यातून आत शिरलं की दरवाज्यामागून दरवाजे येतात: गणेश दरवाजा, पीर दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा. एकंदर सात. प्रत्येक कमानीखाली दहा पावलांची सावली मिळते आणि तेवढ्यात माणसं टोप्या काढून घाम पुसून घेतात. शिपाई दरवाजा ओलांडून उजवीकडे वळलं की शिवाईचं देऊळ. जिजाऊसाहेबांनी हिलाच नवस केला आणि हिच्यावरूनच मुलाचं नाव ठेवलं, असं परंपरेनं सांगतात. देवळामागच्या कड्यात पुन्हा लेणी. आग्या मोहोळाची पोळी कड्याला लटकलेली असतात, तेव्हा इथं मोठ्यानं बोलायचं नाही आणि विडी-उदबत्ती पेटवायची नाही, हे जुन्नरची पोरंही जाणतात. भिक्षू, देवी, किल्लेदार आणि मधमाश्या, सगळ्यांनी आसरा घेतला तो एकाच कातळाचा.

शेवटच्या दरवाज्यातून माथ्यावर आलं की समोर पडझड झालेला अंबरखाना लागतो. शिवकुंजाकडे जाताना वाटेत गंगा-जमुना टाकी. वरून पाहिलं तर कातळात कापलेलं एक साधं चौकोनी तोंड. चार पावलं खाली उतरून वाकून पाहिलं की आतला विस्तार दिसतो. छत तोलून धरणारे कातळातलेच खांब अर्धे पाण्यात उभे आहेत. छिन्नीचे घाव तिरपे, एकाखाली एक, इतके नेमके की हात फिरवला तर पाथरवटाचा हात कुठल्या बाजूनं चालला ते कळावं. ऊन पाण्यावर पडतं आणि त्याची जाळी छतावर थरथरत राहते. बाहेर दगडाला हात लावता येत नाही, आणि इथं तोंडाशी बसलं तरी गारवा अंगाला लागतो. ऊन तोंडाच्या पुढं आत पोचत नाही म्हणून पाणी फारसं आटत नाही, आणि वरच्या कातळातून पाझर येत राहतो. एवढं साधं गणित. ते ज्यानं पहिल्यांदा मांडलं त्यानं हा डोंगर राहण्याजोगा केला. तटबंदी, दरवाजे, बुरूज हे सगळं त्यानंतरचं. पाणी नसलेला गड कितीही बेलाग असो, वेढा घालणाऱ्यानं खाली नुसतं बसून राहायचं असतं.

आता १६२९ चं साल डोळ्यांपुढं आणा. जुलै महिन्यात देवगिरीला निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव मुलांसह मारले गेले. जिजाऊंचं माहेर एका दिवसात उजाड झालं. शहाजीराजांची निजामशाहीतली जागा डळमळली, पाठीवर फौजा, मुक्काम कुठंच टिकेना, आणि पत्नी गरोदर. अशा वेळी तिला ठेवायचं कुठं? शिवनेरीवर विश्वासराव होते. ते भोसल्यांचे व्याही. थोरल्या संभाजीराजांचं लग्न त्यांच्या घरात झालेलं. माणूस भरवशाचा आणि गड पाण्याचा. फाल्गुन वद्य तृतीयेला, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवाजीराजांचा जन्म झाला. त्याच वर्षी पावसानं दगा दिला आणि १६३० ते ३२ चा भीषण दुष्काळ दख्खन आणि गुजरातेवर कोसळला. गावंच्या गावं ओस पडली, माणसं पोटामागं देशोधडीला लागली. बाळंतिणीला काय लागतं? डोक्यावर छप्पर, दारावर पहारा आणि घागरभर पाणी. हे तिन्ही एका जागी मिळावं अशा जागा त्या वर्षी दख्खनमध्ये फार नव्हत्या. गंगा-जमुनेच्या काठावर बसलं की हा जन्म मला इतिहासाच्या पुस्तकातून बाहेर येऊन एका घरातला वाटायला लागतो.

जन्मस्थानाची इमारत दुमजली आहे, आणि खालची खोली लहान. बाहेर कितीही गलका असला तरी उंबऱ्याशी येताना माणसं आपोआप हळू होतात. लेकराला कडेवर घेतलेल्या बाया पाळण्याकडे पाहतात आणि मग कडेवरच्याकडे पाहतात. शिवजयंतीला इथून ज्योती निघतात. कुठल्या कुठल्या गावांची पोरं रात्रभर अनवाणी धावत ती आपल्या वेशीपर्यंत नेतात. शिवकुंजात जिजाऊ आणि बाळराजांची मूर्ती आहे. समोर कमानी मशीद, तिच्याखालीही टाकं. जन्मस्थानापुढं बदामी तलाव. पाहाल तिथं पाणी साठवायची धडपड दिसते.

अंबरखान्यापासून दुसरी वाट टेकाडावर जाते, ईदगाहकडं आणि कोळी चौथऱ्याकडं. तिकडं गर्दी नसते. निजामशाही बुडाली, १६३६-३७ च्या सुमारास गड मोगलांकडे गेला, आणि मोगलांनी या मुलखात नवी जमीनमोजणी आणून सारा ठरवला. डोंगरातल्या महादेव कोळ्यांना ते मानवलं नाही. त्यांचा सरनाईक खेमी, त्याच्यामागं नाईकांची घराणी, सगळी उठली. बंड मोडलं गेलं. पकडलेल्या कोळ्यांना गडावर आणून त्यांची मुंडकी उडवली आणि त्या जागी चौथरा उभा राहिला, असं सांगतात. काळा चबुतरा हे त्याचं जुनं नाव. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरांत त्यांचीच लेकरं-नातवंडं आज हिरडा गोळा करतात, भात लावतात. त्यांच्यातली माणसं चौथऱ्यावर फुलं वाहून जातात. एकाच माथ्यावर एका मुलाचा पाळणा आणि इतक्या बापांची मुंडकी. हे शेजार मला पाहवत नाही आणि पाहिल्याशिवाय गडावरून उतरवतही नाही. ज्या अन्यायाविरुद्ध पुढं स्वराज्य उभं राहिलं तो कसा होता, ते इथं दगडात मांडून ठेवलं आहे.

आणि शिवनेरीची मोठी वेदना अशी, की हा गड महाराजांना हयातीत कधी मिळाला नाही. एप्रिल १६५७ मध्ये त्यांनी रात्री तटाला शिड्या लावून जुन्नर शहर लुटलं. इतिहासकार जदुनाथ सरकारांच्या लेखनात तीन लाख होन आणि दोनशे घोड्यांचा आकडा येतो. शहर हाती आलं, आणि वर डोंगर तसाच उभा राहिला, मोगलांचं निशाण लावून. १६७३ मध्ये गडावर चढाई झाली तीही फसली. त्याच सुमारास जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला, त्यानं गड पाहिला आणि लिहून ठेवलं की हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतका साठा इथं आहे. ज्या साठ्याच्या बळावर एका आईला आसरा मिळाला, त्याच साठ्याच्या बळावर तिच्या मुलाला गडानं बाहेर ठेवलं. कातळाला धनी कळत नाही. मराठ्यांकडे गड आला तो अठराव्या शतकात, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला.

उत्तरेच्या टोकाला कडेलोट. तिथून खाली पाहताना वाऱ्यानं कान भरतात. समोर कुकडीपलीकडे लेण्याद्री, गिरिजात्मजाच्या पायऱ्या नखाएवढ्या दिसतात. पश्चिमेला माणिकडोहाचं पाणी आणि त्यामागं चावंड, जीवधन. दक्षिणेला वडजचं धरण. आणि उजव्या हाताला जुन्नर: पत्र्यांची छपरं, मशिदींचे मिनार, देवळांचे कळस, मधूनच एखाद्या जुन्या वाड्याचं कौल. पेशव्यांच्या दफ्तरात ज्यावर हिशेब आणि पत्रं लिहिली गेली तो जुन्नरी कागद याच गावात बनायचा, नदीच्या पाण्यावर. आता त्याच पाण्यावर ऊस आहे, द्राक्ष आहे, टोमॅटो आहे, आणि उसात बिबटे आहेत. दुपारी अजान वर येते, तिच्यामागून एखाद्या लग्नाचा बँड, एसटीचा हॉर्न. गडावरून गावाचं सगळं ऐकू येतं. लढाईच्या काळातही असंच ऐकू येत असेल, आणि खालच्या प्रत्येक आवाजाचा अर्थ वरच्या पहारेकऱ्याला पाठ असेल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात शिवनेरी आहे. अभिमान वाटला, डोळे भरून आले. गर्दी आता वाढेल, वाढावीच. एक मागणं मात्र आहे. इथल्या टाक्यांतून मी प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना पाहिल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखातल्या एका माणसानं जुन्नरच्या डोंगरात पाणी दान केलं. आपण निदान ते नासवू नये. बाटली रिकामी झाली की पिशवीत घालून खाली आणा. जन्मस्थानाला माथा टेकवून लगेच परत फिरू नका. गंगा-जमुनेशी थोडं बसा, आणि कोळी चौथऱ्यापर्यंत चालून या. वाट पायऱ्यांची आहे, म्हाताऱ्यांनाही जमते. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर चढा.